जुनी लक्झरी कार की नवी साधी कार? मोबाइलवरून आधी हे तपासा

नव्या स्विफ्टच्या बजेटमध्ये दहा वर्षं जुनी ऑडी किंवा बीएमडब्ल्यू मिळू शकते, हे खरंय. पण गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची नाही. १० लाखांना घेतलेल्या गाडीला पार्ट ५० लाखांच्या गाडीचाच लागतो.

खर्च कुठे वाढतो?

- टायर: अनेक बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालतात, पण साध्या टायरपेक्षा महाग पडतात.
- एअर सस्पेन्शन: हवा लीक झाली की गाडी उभ्या जागी खाली बसते.

मोबाइलवर काय बघाल?

१. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख आणि इन्शुरन्सची मुदत बघा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही तपासा.

२. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ स्कॅनर लावा. एकही एरर कोड दिसला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. ॲपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ उघडा. बरेच मॉनिटर ‘इनकम्प्लीट’ असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. बॅटरी काढल्यावरही असंच दिसतं. म्हणून गाडी काही दिवस चालल्यावर परत स्कॅन करा.

३. स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅग, एबीएससाठी त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर असलेला मेकॅनिक गाठा.

मग घ्यायची कोणती?

घरात एकच गाडी असेल आणि रोज ऑफिसला न्यायची असेल, तर साधीच घ्या. लक्झरी घ्यायचीच असेल, तर आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी.