मोटार विमा, मर्यादित परवानाधारकांचा
वाहन चालविण्याचा परवाना निलंबित झालेल्या व्यक्तीला केवळ कामधंद्यापुरते वाहन चालविण्याची जी सवलत मिळते, तिच्याशी निगडित असलेला दायित्व विमा. ही पद्धती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली. महानगरे वगळता तेथे सार्वजनिक वाहतुकीची सोय तुटपुंजी असल्याने परवान्याबरोबर नोकरीही जाण्याचा संभव असतो.

या विम्याचे मूळ आर्थिक उत्तरदायित्वाच्या कायद्यांत आहे. असा पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९२५ मध्ये केला. मॅसॅचूसेट्सने त्याच वर्षी संमत केलेला व १९२७ च्या आरंभी अंमलात आलेला कायदा याहून कडक होता. त्याने मोटारीची नोंदणीच विम्यावर अवलंबून ठेवली. एका व्यक्तीच्या इजेसाठी ५,००० आणि एका अपघातासाठी १०,००० डॉलर एवढे किमान संरक्षण त्याने ठरविले. न्यूयॉर्कने १९५६ मध्ये सक्तीचा कायदा करीपर्यंत मॅसॅचूसेट्सचे अनुकरण कोणी केले नाही. इतर राज्यांनी, अपघात वा गुन्हा घडल्यानंतर चालकाने पुढील काळासाठी भरपाईची ऐपत सिद्ध करावी, न केल्यास त्याचा परवाना काढून घ्यावा, हा मार्ग पत्करला. पहिल्या अपघातात जखमी झालेल्याला त्याचा काहीच लाभ नव्हता, हा त्यातील उघड दोष होय.

ऐपतीचा हा पुरावा बहुधा विमा कंपनीच्या प्रमाणपत्राने दिला जातो. अनेक राज्यांत ते ‘एसआर-२२’ या नावाने ओळखले जाते. ते स्वतः विमापत्र नव्हे; किमान विमा चालू असल्याची ती शासनाला दिलेली हमी असते. विमा खंडित झाल्यास कंपनीला तसे कळवावे लागते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. स्वतःची मोटार नसलेल्यास बिगरमालकी विमापत्र घ्यावे लागते. ज्यांना कोणतीच कंपनी स्वीकारीत नाही, त्यांची कंपन्यांमध्ये वाटणी करण्याची योजना न्यू हॅम्पशरमध्ये १९३८ साली प्रथम सुरू झाली.

परवाना हे उपजीविकेचे साधन आहे, याला घटनात्मक महत्त्व ‘बेल विरुद्ध बर्सन’ (१९७१) या खटल्याने आले. जॉर्जिया राज्यातील एका धर्मोपदेशकाला तीन ग्रामीण वस्त्यांत मोटारीने फिरावे लागे. सायकलवरील पाच वर्षांची मुलगी त्याच्या मोटारीवर आदळली. त्याचा विमा नव्हता. तेव्हा दोष कोणाचा हे न पाहताच, पालकांनी मागितलेल्या ५,००० डॉलरांचे तारण न दिल्यास परवाना निलंबित होईल, असे त्याला कळविण्यात आले. त्याच्यावर दायित्व येण्याची वाजवी शक्यता आहे काय, याची आधी सुनावणी झाली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे ‘डिक्सन विरुद्ध लव्ह’ (१९७७) या इलिनॉयमधील खटल्यात मात्र वारंवार नियमभंग करणाऱ्याचा परवाना पूर्वसुनावणीविना काढून घेणे वैध ठरले. अडचणीत सापडणाऱ्यांसाठी कायद्यात सवलत आहे, ही बाब न्यायालयाने त्या वेळी लक्षात घेतली. म्हणजे मर्यादित परवाना ही केवळ दया राहिली नाही. निलंबनाच्या कठोरपणाचे समर्थन करण्यासही ती उपयोगी पडली.

सवलतीच्या अटी राज्यपरत्वे भिन्न आहेत. टेक्ससमध्ये न्यायालयाच्या आदेशाने सामान्यतः दिवसाला चार तास, विशेष गरज दाखविल्यास बारा तासांपर्यंत वाहन चालविता येते व आदेशाची प्रत जवळ बाळगावी लागते. विस्कॉन्सिनमध्ये दिवसाला बारा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आहे. दोन्ही ठिकाणी विम्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. वाहन चालविण्याचे तास असे मोजून दिले, तरी विमा पूर्णच घ्यावा लागतो आणि हप्ता पूर्वीच्या गुन्ह्यांवरून चढा आकारला जातो. कमी वेतनाच्या मजुरावर हा भार सर्वांत जड पडतो. हप्ता चुकला की परवाना जातो, परवान्याअभावी रोजगार जातो आणि रोजगाराअभावी पुढचा हप्ता भरता येत नाही.

परवानगीच्या वेळेबाहेर अपघात झाल्यास चालक शिक्षेस पात्र ठरतो. जखमी व्यक्तीच्या दृष्टीने मात्र, प्रमाणित विमापत्राखालील कंपनीचे दायित्व अपघात होताच अबाधित होते, असे तत्त्व अनेक राज्यांच्या कायद्यांत आढळते. दिलेली रक्कम विमेदाराकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीला राखून ठेवता येतो.

मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यांसाठी फ्लॉरिडाने २००७ मध्ये व व्हर्जिनियाने २००८ मध्ये अधिक रकमेचे ‘एफआर-४४’ प्रमाणपत्र लागू केले. फ्लॉरिडात त्यासाठी एका व्यक्तीच्या इजेस १,००,००० व एका अपघातास ३,००,००० डॉलरांचे संरक्षण लागते. व्यापारी मालमोटारींच्या चालकांना १९९९ च्या संघीय कायद्याने ही सवलत नाकारली. त्यांचा परवाना निलंबित असता, मालमोटार चालविण्यासाठी खास परवाना देण्यास राज्यांना मनाई आहे.