अधिवृक्क ग्रंथीचे वाढते आकारमान : प्राणिप्रतिरूपांचा इतिहास आणि ग्रामीण नवजात अर्भक

ग्रंथी मोठी, पण तिचे संप्रेरक अपुरे, हा विरोधाभास वैद्यकाला दीर्घकाळ उलगडला नव्हता. 1865 मध्ये इटलीतील लुइजी दे क्रेक्किओ यांनी पुरुष म्हणून आयुष्य काढलेल्या एका व्यक्तीचे शवविच्छेदन केले. तीत गर्भाशय व बीजांडकोश होते आणि अधिवृक्क ग्रंथी प्रमाणाबाहेर मोठ्या होत्या. 1950 मध्ये लॉसन विल्किन्स यांनी अशा रुग्णास कॉर्टिसोन दिले आणि कारण स्पष्ट झाले. कॉर्टिसॉल कमी पडल्यामुळे पोष ग्रंथी अधिवृक्कास सतत चेतना देते; त्या चेतनेने ग्रंथी वाढते.

या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आंद्रेआस प्राडर यांनी 1955 मध्ये वर्णिला. त्यात ग्रंथी मेदाने भरून जाते. 1992 मध्ये सशांत असाच आनुवंशिक विकार आढळला. त्यांत कोलेस्टेरॉलचे रूपांतर करणाऱ्या एंझाइमाचा जनुक सदोष होता. मानवी रुग्णांत मात्र मूळ वेगळे निघाले. 1995 मध्ये दोष ‘स्टार’ या प्रथिनाच्या जनुकात सापडला. हे प्रथिन कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या आत पोहोचविते. 1997 मध्ये हा जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या अधिवृक्क बाह्यकात मेद साचलेला दिसला. संप्रेरकाअभावी ही पिले जगत नसत. एका प्राण्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लागू होत नाही, हे सशाने शिकविले. तर रोगाची प्रक्रिया उंदराने उलगडली.

या ज्ञानाचा उपयोग अर्भकापर्यंत पोहोचतो काय, हा खरा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2007 ते 2012 या काळात मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजातांची तपासणी केली. जन्मजात अधिवृक्क वृद्धी सुमारे 5,762 जन्मांमागे एका अर्भकात आढळली. मुलग्यांत बाह्य लक्षण बहुधा दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या व निर्जलीकरण सुरू झाले, की ते साधा अतिसार समजले जाते. भीमेच्या दोन्ही तीरांवरील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील पालकांना हा आजार असाच दिसेल. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 2002 पासून लोकसंख्येची नियमित नोंद ठेवली आहे. अशा नोंदींत प्रत्येक जन्माचा मागोवा घेता येतो. त्यास टाचेतील रक्ताच्या थेंबाच्या तपासणीची जोड मिळाली, तर स्वस्त गोळ्यांनी जीव वाचू शकेल. मात्र रूढ तपासणी 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मोजते आणि मेदयुक्त प्रकारात ते वाढत नाही. म्हणून तपासणी निर्दोष आली, तरी अर्भक आजारी असल्यास डॉक्टरने शंका सोडू नये.