पेटीचा जुना वाद आणि संगणकावरचे नवे गाणे

दिवाळी म्हटली की फराळाच्या जोडीला गाणे आलेच. आजोबांच्या काळी ते तबकडीवर वाजत असे, मग रेडिओवर आले, पुढे कॅसेटवर आले. अलीकडे मात्र पुष्कळ घरांतून असा प्रकार दिसतो की, घरातला कुणी मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून स्वतःच गाणे बांधू लागते. ठेका घालावा, त्यावर सूर बसवावे, आपलाच आवाज मुद्रित करावा, चुकले तेवढे कापून टाकावे. मग एके दिवशी ते मूल विचारते, ‘‘बाबा, कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’’ आणि बाबा निरुत्तर होतात.

जाणकार मित्र अशा वेळी किंमत सांगतात, ट्रॅक किती घेता येतात ते सांगतात, वाद्यांचे तयार आवाज किती मिळतात ते मोजून दाखवतात. ही माहिती उपयोगाची आहे, यात शंका नाही. तथापि संगीताच्या साधनांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याआधी विचारावयाचा एक प्रश्न समोर येतो. साधन घडविणाऱ्याच्या मनात संगीत म्हणजे काय, याची एक समजूत असते. ती समजूत साधनाच्या पोटात बसून आपल्या घरी येते. ती कोणती आहे?

प्रारंभ मेणापासून करू. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, सुईने मेणावर रेघ ओढावयाची. एकदा गायिले ते गायिले. चुकले तर नवे मेण घेऊन पुन्हा पहिल्यापासून. तबकडीवर जागा जेमतेम तीन मिनिटांची. तासभर रंगणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवावा लागला आणि आलापीची बैठक आखडून तानांची लगबग वाढली. गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगे. परक्या मुलखातील कारखान्यात तबकडी कोणाची हे ओळखता यावे, हा त्यातला हेतू सांगतात. म्हणजे अगदी पहिल्याच वेळी यंत्राने गाण्याची लांबी ठरविली आणि गाण्याला एक शेपूटही जोडले!

दुसरा टप्पा टेपचा. 1935 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात चुंबकीय टेपवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र लोकांनी पाहिले. महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकन सैनिकाने अशी दोन यंत्रे स्वदेशी नेली. बिंग क्रॉसबी या लोकप्रिय गायकास रेडिओवरील कार्यक्रम प्रत्यक्ष सादर करण्याचा कंटाळा आला होता. 1947 पासून त्याचा कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊन प्रसारित होऊ लागला आणि ध्वनीचे संपादन हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. टेप तिरकी कापावयाची, नको तो तुकडा काढून टाकावयाचा आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडावयाची. हत्यार काय, तर दाढीचे पाते! 1966 साली बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्याची दोन वेगवेगळ्या सुरांतील आणि वेगवेगळ्या गतींतील मुद्रणे हवी होती, एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट. टेपचा वेग कमीजास्त करून ती दोन्ही अशी जोडली की, ऐकणाऱ्यास सांधा सहसा कळत नाही. मात्र पात्याने कापलेला तुकडा खाली पडला की तो सहजासहजी परत येत नसे. म्हणून कापण्यापूर्वी माणूस दहादा ऐकत असे.

तिसरा टप्पा संगणकाचा, आणि येथे मराठी वाचकास एक ओळखीचा वाद भेटतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या विद्युत्-वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून अमेरिकेचा डेव्ह स्मिथ आणि जपानचा इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि 1983 साली ‘मिडी’ ही सांकेतिक भाषा रूढ झाली. तिच्यासाठी कोणाकडून मोबदला घेतला नाही, ही त्यांची थोरवी. या भाषेत आवाज नसतो, आज्ञा असतात: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. 1985 साली निघालेल्या अटारी एसटी या संगणकास मिडीची जोडणी मुळातच होती. त्यावर 1989 साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस आणले. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ धावतो आहे, वरपासून खाली एकेक वाद्याची ओळ आहे, हे आज सर्वत्र दिसणारे चित्र त्यामुळे लोकप्रिय झाले. 1991 साली कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन कंपनीचे प्रो टूल्स आले, ते प्रथम अवघ्या चार ट्रॅकचे. त्यात ध्वनीची लहर डोळ्यांनी पाहून कापता येऊ लागली आणि कापलेले परतही आणता येऊ लागले. पात्याची भीती गेली.

पण मिडीच्या पोटातली समजूत कोणती? पट्टी दाबली की सूर सुरू, सोडली की बंद, आणि सप्तकात सूर बारा. ही तर आपली पेटीच झाली! याच पेटीवरून महाराष्ट्रात केवढे रण माजले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोप झाला. तक्रार अशी की, पेटीच्या बारा ठाम सुरांत आपले कोमल-अतिकोमल बसत नाहीत आणि मींड तर निघतच नाही. 1940 साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल होण्यास 1971 साल उजाडावे लागले.

मिडीच्या कर्त्यांनी सूर वाकविण्याची सोय ठेवली होती, पण एका वाहिनीवरचे सगळे सूर एकदमच वाकत. प्रत्येक सुराला वेगळे वळण देण्याची रीत 2018 साली अधिकृत झाली. म्हणजे देवलांच्या तक्रारीचे एक उत्तर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तेही परदेशातून, मिळाले.

याच गोष्टीचा दुसरा अवतार म्हणजे 1997 सालचे ऑटो-ट्यून. तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या ध्वनिलहरींचे गणित करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते घडविले. गळा थोडा खाली-वर झाला की सॉफ्टवेअर तो जवळच्या सुरावर नेऊन बसविते. सोय मोठी, बेसूर शब्दासाठी सारे गाणे पुन्हा गावे लागत नाही. पण जोर फार लावला, तर सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींडही त्याला चूकच वाटते आणि तिच्या पायऱ्या होतात. 1998 सालच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात शेर या गायिकेच्या आवाजात अशा पायऱ्या मुद्दाम केल्या; तेथे ती गंमत झाली. आपल्या अभंगात ती नकळत आली, तर तीच हानी होय.

हे ध्यानात घेतले की निवड सोपी होते. बेल्जियममध्ये जन्मलेले फ्रूटी लूप्स, ज्याचे नाव 2003 पासून एफएल स्टुडिओ झाले, ते ठेक्याच्या चौकटी भरण्यापासून निघाले. ठेक्यावर गाणे बांधणाऱ्यास ते मानवेल. बर्लिनचे एबलटन लाइव्ह 2001 साली आले, ते रंगमंचावर आयत्या वेळी तुकडे जुळविणाऱ्यांसाठी. 2000 साली खुले झालेले ऑडॅसिटी फुकट आहे. आजीच्या ओव्या मुद्रित करून खोकला तेवढा काढावयाचा असेल, तर ते पुरेसे आहे. एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. सतार आणि सनई यांत श्रेष्ठ कोण, असे आपण विचारीत नाही.

आणखी एक सावधगिरी इतिहासच सांगतो. 2002 साली अ‍ॅपलने लॉजिक बनविणारी कंपनी विकत घेतली आणि विंडोजवर ते वापरणाऱ्यांची वाट बंद झाली. 1987 पासून चालत आलेल्या केकवॉकचे काम 2017 साली मालकांनी थांबविले. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले म्हणून निभावले. तबकडी सुईखाली ठेवली की बोलते. सॉफ्टवेअरची फाइल मालकाच्या मर्जीवर बोलते. म्हणून गाणे पुरे झाले की त्याचा प्रत्येक ट्रॅक साध्या ध्वनिफाइलीच्या रूपात वेगळा जपून ठेवावा. नातवंडांना ऐकता येईल ते तेवढेच.

मग ही साधने टाळावीत काय? मुळीच नाही. पेटीविरुद्ध एवढे बोलले गेले, तरी गोविंदराव टेंबे यांनी त्याच पेटीला गाते केले, कारण तिला काय येत नाही हे त्यांना नेमके ठाऊक होते. 2016 सालच्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवुडमध्ये जाऊन जिवंत वाद्यवृंद मुद्रित केला. संगणकात व्हायोलिनांचे तयार आवाज तेव्हाही वाटेल तेवढे मिळत होते. यंत्र कोठवर पुरते आणि माणूस कोठून लागतो, हे ज्याला कळते त्याच्या हाती कोणतेही साधन शोभते.

तेव्हा या दिवाळीत घरच्या नव्या संगीतकाराने विचारले, तर आधी त्याला थोडे गावयास सांगावे. त्याच्या गळ्यात ठेका अधिक आहे की मींड, हे ऐकावे. बहुतेक कंपन्या आपले सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून पाहू देतात. त्यात तेच गाणे मुद्रित करावे आणि डोळे मिटून पुन्हा ऐकावे. गळ्यातले जे होते ते यंत्रातूनही तसेच परत आले, तर खुशाल पैसे मोजावेत.