लाहोरचा फुटबॉल संघ आणि त्रिएस्ते

अब्दुस सलाम म्हटलं की माझे विद्यार्थी नोबेलचं वर्ष सांगतात, १९७९. मला १९५१ आठवतं. केंब्रिजहून लाहोरला परतलेल्या या प्राध्यापकाकडे कॉलेजने फुटबॉल संघ सोपवला! संशोधनावर बोलायला जवळ माणूस नाही. १९५४ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. ती सल मनात ठेवूनच त्यांनी १९६४ मध्ये इटलीत त्रिएस्ते इथे केंद्र उभारलं. स्वतः मूलकणांचे अभ्यासक. तरी ऑक्टोबर ते डिसेंबर १९६७ तिथे संघनित द्रव्याच्या, म्हणजे धातू, स्फटिक, द्रव यांच्या सिद्धांताचा आंतरराष्ट्रीय वर्ग भरला. जॉन झायमन त्याच्या संचालकांपैकी एक. गरीब देशांतल्या संशोधकांनी तिथे यायचं, काही आठवडे वाचायचं, वाद घालायचा आणि आपल्याच कॉलेजात परतायचं, नोकरी न सोडता, देश न सोडता. सलामना मात्र लाहोर सोडावं लागलं होतं.