ओतीव लढाऊ विमान-प्रतिकृती

युद्धकालीन लढाऊ विमानाची, जस्ताचा मिश्रधातू दाबाने साच्यात ओतून केलेली संग्राह्य प्रतिकृती, बोलीत ‘डायकास्ट’. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून विकलेली डिंकी विमाने मुलांच्या खेळण्यासाठी होती. प्रौढांच्या काचकपाटासाठी घडविलेली कॉर्गी व हॉबी मास्टर यांची विमाने बऱ्याच काळाने आली. १:७२ हे परिमाण, म्हणजे ६ फुटांस १ इंच, सर्वाधिक रूढ असून त्यात ११.२३ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर जेमतेम १५.६ सेंटिमीटरचे होते.

येथे ‘डाय’ म्हणजे साचा. हा खुलासा एरवी अनावश्यक ठरता. परंतु सरावली-बोईसरच्या मुलखात, जेथे तारापूर औद्योगिक वसाहतीतील कापडाच्या व रसायनांच्या कारखान्यांमुळे हा शब्द कानी पडताच प्रथम रंगच आठवतो, तेथे तो करणे प्राप्त आहे. आणि तो गैरसमजही अगदीच अस्थानी नव्हे, कारण या वस्तूचे अस्सलपण धातूइतकेच रंगावर ठरते.

धातूत जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. त्यात शिशाचा अंश शिरल्यास क्षरण आतून पसरून प्रतिकृती फुगते व तडकते. उष्ण, दमट हवेत हे लवकर घडत असल्याने समुद्रकाठच्या संग्राहकाने महायुद्धपूर्व नमुना घेताना सावध असावे.

रंगाची परीक्षा अधिक सूक्ष्म आहे. जपानी विमानांवरील तांबड्या सूर्यबिंबाशी घोटाळा होऊन आपल्याच तोफांनी आपलेच विमान पाडू नये, म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातील तांबडा मध्य काढून तेथे फिका निळा भरण्यात आला. त्यामुळे १९४४ साली स्पिटफायर मिळालेल्या भारतीय वायुसेनेच्या ८ क्रमांकाच्या तुकडीचे म्हणून जे विमान तांबडा ठिपका मिरवीत विक्रीस येते, ते आकाराने कितीही निर्दोष असले तरी बनावटच समजावे. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात हरिकेन व स्पिटफायर दोन्ही जतन आहेत. तथापि जतन केलेल्या विमानावरील रंग पुष्कळदा मागाहून चढविलेला असल्याने दाखला घ्यावयाचा तो युद्धकालीन छायाचित्राचा, आणि काळ्यापांढऱ्या छायाचित्रात तांबडा व गडद निळा दोन्ही काळपटच उमटत असल्यामुळे, वर्तुळाचा मध्य फिका दिसतो की काळा, एवढ्यावरच बहुधा निकाल लागतो.