एका मार्करशी अनेक गुणांचे नाते

वाटाण्याच्या जांभळ्या फुलांच्या झाडांत बियांचे आवरण करड्या-तपकिरी रंगाचे असते आणि पानांच्या बेचक्यातही तांबूस छटा दिसते, अशी नोंद ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली होती. एकाच जनुकाच्या अशा अनेक परिणामांना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्लाटे यांनी १९१० मध्ये ‘प्लायोट्रॉपी’ हे नाव दिले. उंची, उत्पादन किंवा दाण्यातील प्रथिने यांबाबत मात्र हा संबंध नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेथे संख्याशास्त्राचाच आधार घ्यावा लागतो.

गुणसूत्रावरील ठरावीक जागी आढळणारा डीएनएतील फरक म्हणजे जनुकीय मार्कर. मार्करच्या एका रूपाची झाडे दुसऱ्या रूपाच्या झाडांपेक्षा योगायोगाने शक्य नाही इतकी उंच निघाली, तर त्याच्या आसपास उंचीशी संबंधित जनुक असावे, असे अनुमान निघते. एरिक लँडर व डेव्हिड बॉटस्टीन यांनी १९८९ मध्ये दोन मार्करमधील पट्टाही तपासण्याची पद्धत मांडली. त्यात हिशेब एकेका गुणाचाच होता. अनेक गुण एकत्र तपासण्याची रीत जियांग व झेंग यांनी १९९५ मध्ये दिली. गुणांचे परस्परसंबंध जमेस धरल्याने एरवी निसटणारा क्षीण परिणामही हाती लागू शकतो.

याहून मोलाचा प्रश्न वेगळाच आहे. दोन गुण एकाच जनुकाचे, की शेजारच्या दोन जनुकांचे? जनुके दोन असतील, तर पुरेशा मोठ्या संकरित पिढीत ती विलग करता येतात. जनुक एकच असेल, तर पैदासकाराला एका गुणासोबत दुसराही पत्करावा लागतो. रानटी गव्हातील एका जनुकाने हा पेच दाखवून दिला. मार्करच्या साह्याने त्याचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्याचा प्रभाव कमी करून पाहिला. पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली, पण दाण्यातील प्रथिने, जस्त आणि लोह ३० टक्क्यांहून अधिक घटले.

माणसांवरील अभ्यासात लाखो मार्कर एकाच वेळी तपासले जातात आणि तेथे योगायोगाचा धोका फार मोठा असतो. वीसात एक चूक चालवून घेतली, तर दहा लाख चाचण्यांत सुमारे ५० हजार खोटे संबंध निघतील! म्हणून दोन कोटींत एक इतकी कडक अट रूढ झाली आहे. अनेक गुणांचे प्रसिद्ध निष्कर्ष एकत्र करणारी ‘एमटॅग’ पद्धत २०१८ मध्ये पुढे आली, पण तीही निर्धोक नाही. एकाच गुणाशी संबंध असलेला मार्कर तिच्यात दुसऱ्या गुणाच्या नावावरही जमा होऊ शकतो.