पाणचक्कीचे पाणी

लहानपणी आमच्या परसात मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ असे. भांडी घासली, हातपाय धुतले की ते पाणी आपोआप अळवाला मिळे. त्यासाठी वेगळा पोहरा ओढावा लागत नसे. हीच रीत शहराने पाळली तर काय होते, हे मला पुढे पाणचक्कीपाशी कळले.

पाणचक्की औरंगाबादेतली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातली. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसवली, तिचेच पुढे औरंगाबाद झाले. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्याचा गनिमी कावा आपण वर्गात रंगवून सांगतो, पण नहरीचा विषय आम्ही मास्तर मंडळी दोन ओळींत आटोपतो! डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारात जमवले आणि उतार साधून शहरात आणले. ना मोट, ना बैल. शिवाय पाणी झाकलेले, त्यामुळे वाटेत उन्हाने उडून जाण्याची भीती नाही.

पुढे अशीच एक नहर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी आली. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून, मातीच्या नळांतून. आता गंमत पाहा. डोंगरावरून उतरलेले पाणी आपल्याच दाबाने उंच भिंतीवर चढते आणि तेथून खाली कोसळते. त्या जोरावर जाते फिरे, फकिरांचे आणि यात्रेकरूंचे दळण होई. त्याच जोरावर हौदात कारंजी उडत. आणि हौदाखाली काय असावे? भलेमोठे दालन! हौदाचा तळ हेच त्याचे छप्पर. बाहेर वैशाखवणवा पेटलेला असला तरी डोक्यावर पाणी असल्याने आत गारवा. कारंजे म्हणजे पाण्याची उधळपट्टी, असे मीही समजत होतो. इथे ते दळणाबरोबर फुकटात मिळालेले आहे. उरलेले पाणी शेजारच्या खाम नदीला.

या शहराला पाणी देणारे जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. ते पाणी पैठणहून विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. दरम्यान रस्ते आणि इमारती उठवताना जुन्या नहरी जागोजाग फुटल्या, बुजल्या. फुटलेली नहर वरून दिसत नाही, म्हणून तिची हळहळही कोणाला वाटली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, सहल तिकडे नेलीत तर मुलांना कारंज्यांपाशी नंतर न्या. आधी खालच्या दालनापाशी उभे करा आणि विचारा, इथे गार का वाटते?